डम्फ्रीस हाउस: सामानासकट वाचलेली वास्तू

1759 साली नामांकित फर्निचर कारागीर टॉमस चिपेन्डेलने लंडनच्या सेंट मार्टिन्स लेनमधल्या आपल्या कारखान्यातून स्कॉटलंडमधल्या एका उमरावाला पुस्तकांचे एक मोठे कपाट पाठवले. लाकूड रोझवूड, दारे काचेची, वर नाजूक कोरीवकाम. किंमत सुमारे 47 पौंड. 2007 साली हेच कपाट लिलावाच्या यादीत आले, तेव्हा तज्ज्ञांनी त्याचा अंदाज 20 ते 40 लाख पौंड इतका लावला. चिपेन्डेलच्या हातच्या वस्तू जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पण इथे कपाट आहे, ते ज्या घरासाठी केले ते घर आहे आणि त्या खरेदीचे बिलही आहे. डम्फ्रीस हाउसचे खरे मोल या तिन्हींच्या एकत्र असण्यात आहे.

नावावरून डम्फ्रीस शहर शोधत जाणारा मात्र चुकेल. हे घर आहे एअरशायरमध्ये, ग्लासगोच्या दक्षिणेला, कमनॉक या जुन्या खाणगावाशेजारी. भोवती सुमारे 2,000 एकरांची जहागीर आणि तिच्यातून वाहणारी लुगर नदी. डम्फ्रीसचे पाचवे अर्ल विल्यम यांनी 1754 मध्ये बांधकाम सुरू केले आणि ते काम अ‍ॅडम बंधूंकडे सोपवले. जॉन, रॉबर्ट आणि जेम्स या भावांनी वडील विल्यम अ‍ॅडम यांच्या निधनानंतर घरचा वास्तुकलेचा व्यवसाय हाती घेतला होता. त्यांच्या उमेदीच्या काळातले हे काम पाच वर्षांत उभे राहिले.

समोर उभे राहिले की पहिल्यांदा जाणवतो तो संयम. वालुकाश्मातली मधली मुख्य इमारत, दोन्ही बाजूंना थोड्या अंतरावर एकेक लहान इमारत, आणि त्यांना जोडणाऱ्या बुटक्या मार्गिका. इटलीचा वास्तुकार पॅलाडिओ याने घालून दिलेली ही मांडणी त्या काळी ब्रिटिश उमरावांच्या पसंतीची होती. मुख्य दालने तळमजल्यावर नाहीत. बाहेरच्या पायऱ्या चढून थेट वरच्या मजल्यावर प्रवेश होतो. माथ्यावरच्या त्रिकोणी दर्शनी भागात घराण्याचे कुलचिन्ह कोरले आहे. त्यापलीकडे भिंतींवर फारशी सजावट नाही. डौल आहे तो प्रमाणबद्धतेचा.

आत गेले की नूर पालटतो. छतावर पांढऱ्या गिलाव्यातली वळणदार पाने, फुले, वेलबुट्टी. ही रोकोको शैली. निळ्या दिवाणखान्यात निळ्या रेशमी दमास्क कापडाने मढवलेल्या चिपेन्डेलच्या खुर्च्या आहेत. बाहेरचा शिस्तबद्ध दगड आणि आतला खेळकर गिलावा असा मेळ या भावांच्या पुढच्या कामात दिसत नाही. काम चालू असतानाच रॉबर्ट इटलीला निघून गेला आणि जॉनने ते तडीस नेले. 1758 मध्ये परतलेल्या रॉबर्टने प्राचीन रोमच्या अभ्यासातून जी शैली घडवली, तिने पुढे ब्रिटनभरच्या दिवाणखान्यांचे रूप बदलले. त्या बदलाच्या ऐन आधीचे अ‍ॅडम बंधू इथे पाहायला मिळतात.

घर पूर्ण होईपर्यंत अर्ल विधुर झाले होते. त्यांनी 1762 मध्ये दुसरे लग्न केले. 1768 मध्ये ते निपुत्रिक वारले. जहागीर पुतण्याकडे आणि मग लग्नसंबंधातून ब्यूटच्या मार्क्वेस घराण्याकडे गेली. त्या घराण्याकडे कार्डिफ कासल होता, ब्यूट बेटावरचे माउंट स्टुअर्ट होते. इथे त्यांचे राहणे बेताचेच. हेच घराच्या पथ्यावर पडले. दर पिढीला नवी फॅशन आणण्याची कोणाला निकड नव्हती, म्हणून जुने सामान जागच्या जागी राहिले. तिसऱ्या मार्क्वेसनी 1890 च्या दशकात वास्तुकार रॉबर्ट वीअर शुल्ट्झ यांच्याकडून घर वाढवून घेतले, पण अ‍ॅडम बंधूंचा दर्शनी भाग शाबूत ठेवून.

इथे राहणाऱ्या थोरल्या मार्क्वेसबाई 1993 मध्ये वारल्या आणि घराला कुलूप लागले. 2007 मध्ये सातव्या मार्क्वेसनी विक्री काढली: घर वेगळे, सामान वेगळे. यादी छापून झाली होती, सामानाने भरलेले ट्रक लंडनच्या वाटेला लागले होते. ऐनवेळी तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी आपल्या धर्मादाय संस्थेमार्फत 2 कोटी पौंडांचे कर्ज उभे केले. वारसा निधी, धर्मादाय न्यास आणि स्कॉटिश सरकार यांचा पैसा मिळून 4 कोटी 50 लाख पौंडांत घर, जमीन आणि सामान एकत्र विकत घेतले गेले. ट्रक माघारी वळले. 2008 च्या उन्हाळ्यात घर लोकांसाठी खुले झाले.

पुढचे सगळे सुरळीत झाले असे नाही. कर्ज फेडण्याच्या भरवशावर शेजारी शेकडो घरांची वसाहत योजली होती. मंदी आली आणि त्यातली थोडकीच बांधली गेली. कर्ज देणग्यांतून फिटले. 2021 मध्ये संस्थेच्या देणग्यांवरून वाद उठला आणि मुख्याधिकाऱ्यांना पद सोडावे लागले. हे सांगायलाच हवे. पण कमनॉकच्या बाजूने पाहिले तर हिशेब निराळा दिसतो. इथल्या कोळसा खाणी 1980 च्या दशकात बंद पडल्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा रोजगार गेला. आज याच जहागिरीत दगडकाम, सुतारकाम, शिवणकाम, स्वयंपाक, हॉटेलकाम शिकवले जाते. मोडकळीला आलेली पाच एकरांची भिंतबंद बाग नव्याने उभी राहिली आणि 2014 मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते खुली झाली.

सामान सुटे विकले गेले असते, तर प्रत्येक खुर्चीला चांगला मालक मिळाला असता, पण ती कोणत्या खोलीसाठी, कोणत्या उजेडासाठी घडवली हे कायमचे हरवले असते. 4 कोटी 50 लाख ही रक्कम मोठी होती, तरीही हा सौदा योग्यच होता. एअरशायरकडे जाणे झाले तर बागा आणि आवार विनामूल्य हिंडता येते, घर मार्गदर्शकासोबत पाहता येते. कपाटापाशी जरूर थांबा. मात्र त्याआधी ते ज्या घरासाठी केले, ते घर नीट पाहून घ्या.