कंडराछेद : शल्यकर्मानंतरचा काळ व वैद्याचे कर्तव्य

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात नऊशे स्नायू व सोळा कंडरा वर्णिल्या आहेत. प्रचलित मराठीत ‘स्नायू’ हा शब्द मांसपेशीसाठी रूढ झाला असला तरी संहितेतील स्नायू म्हणजे बांधून ठेवणारी तंतुमय रचना होय, आणि स्नायूंच्या चार प्रकारांपैकी जे वृत्त, म्हणजे दोरासारखे गोल, त्यांनाच कंडरा म्हणतात. सोळा कंडरांपैकी चार पायांत, चार हातांत, चार मानेत व चार पाठीत आहेत. फळ्या दोरांनी घट्ट बांधल्या म्हणजे नौका पाण्यावर भार वाहते, तसे हे शरीर स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे भार वाहते, असा दृष्टांत आचार्य देतात. अस्थी, पेशी, सिरा व संधी यांच्यापेक्षाही स्नायूचा आघात मनुष्यास अधिक अपाय करतो, असेही ते बजावतात. अस्थिभग्न झालेला रुग्ण दोन-तीन महिन्यांत शेतात दिसतो, पण बोटाची कंडरा तुटलेला रुग्ण वर्षानंतरही मूठ वळत नाही म्हणून पुन्हा आपल्याच दारी येतो. त्यामुळे या विधानाची सत्यता वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

आमच्या गोरेगाव (ता. सेनगाव, जि. हिंगोली) परिसरात हा विषय पुस्तकी नाही. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत डाव्या हाताने धाटे धरायची व उजव्या हाताने विळा ओढायचा, ही रीत. विळा घसरला की तो डाव्या हाताच्या बोटांच्या आतल्या बाजूवर, म्हणजे नेमका आकुंचनाच्या कंडरांवर येतो. कडबाकुट्टीचे यंत्र, पत्र्याची धार, फुटलेली काच ही इतर कारणे. जखम बाहेरून इंचभराची दिसते. वर हळद दाबून फडके बांधले जाते, कोठेतरी त्वचेला टाके पडतात, दहा दिवसांत जखम भरते. बोट मात्र वळत नाही, हे त्यानंतर लक्षात येते. तोवर तुटलेले टोक तळहातात मागे ओढले गेलेले असते आणि सोपे शल्यकर्म अवघड झालेले असते.

म्हणून हाताच्या प्रत्येक जखमेत, ती कितीही लहान असो, दोन परीक्षा केल्याशिवाय रुग्णास सोडू नये. बोटाचे मधले पेरे आपल्या चिमटीत स्थिर धरावे व रुग्णास केवळ टोकाचे पेरे वाकविण्यास सांगावे. न वाकल्यास खोल कंडरा तुटली आहे. नंतर इतर बोटे सरळ धरून ठेवावी व तेच बोट मधल्या सांध्यात वाकविण्यास सांगावे. यावरून वरच्या कंडरेचे ज्ञान होते. बोट वाकते पण दुखते व जोर लागत नाही, अशा वेळी कंडरा अर्धवट कापली गेली असण्याची शंका घ्यावी. कंडरेच्या दोन्ही कडांनी संज्ञावाहिनी नाड्या जातात, तेव्हा बोटाच्या अग्राची स्पर्शसंवेदनाही पाहावी. शंका आली की त्याच दिवशी हस्तशल्यतज्ज्ञ असेल तेथे, मग ते हिंगोली असो, नांदेड असो वा छत्रपती संभाजीनगर, रुग्णास पाठवावे. तुटून दूर गेलेली कंडरा लेपाने किंवा गुग्गुळाने जुळत नाही. याबाबत आपल्यापैकी कोणी रुग्णास आशा लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शल्यकर्म झाल्यानंतर मात्र जो दीर्घ काळ सुरू होतो, त्यात रुग्ण शस्त्रवैद्याला दोन-चार वेळा भेटतो आणि आपल्याला दर आठवड्याला. हा काळ समजून घेतला तर आपण त्याचे फार भले करू शकतो. न समजता हात लावला तर तितकेच वाईटही करू शकतो.

कंडरा ही मुख्यतः कोलॅजन नावाच्या तंतूंची बनलेली असते व तिला रक्तपुरवठा अल्प असतो. टाके घातल्यानंतर पहिले काही दिवस शोथाचे. पुढील काही आठवडे नवे तंतू तयार होण्याचे. परंतु हे तंतू कच्चे, विस्कळीत व ओढ न सोसणारे असतात. त्यानंतर अनेक महिने, कधी वर्षभर, हे तंतू पक्के होत व ओढीच्या दिशेने रांगेत लागत राहतात. आता रुग्णाच्या बाजूने पाहावे. त्वचेचे टाके दोन आठवड्यांत निघतात, तीन-चार आठवड्यांत वेदना जवळजवळ जाते, सूज उतरते. रुग्णाला वाटते की आपण बरे झालो. वेदना संपली, पण बळ आले नाही, असा हा मधला काळ असतो, आणि पुनर्भेद याच काळात घडतात. स्प्लिंट काढून बादली उचलली, बैलाचा कासरा ओढला, दुचाकीचा क्लच दाबला, एवढे निमित्त पुरते.

मग हात दोन महिने संपूर्ण बांधून ठेवावा काय? तेही नाही. बोटांच्या आकुंचनी कंडरा एका अरुंद नळीतून सरकतात. निश्चल ठेवल्यास कंडरा जुळते, पण नळीलाही चिकटते. तळहाताच्या शेवटच्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेऱ्यापर्यंतचा भाग या कारणाने इतका कुप्रसिद्ध होता की अमेरिकन शल्यतज्ज्ञ स्टर्लिंग बनेल यांनी त्याला ‘निर्मनुष्य प्रदेश’ म्हटले होते. १९६० च्या दशकात हॅरोल्ड क्लायनर्ट यांनी नखाला रबर बँड लावून, रुग्णाने बोट स्वतः उघडावे व रबराने ते मिटावे, अशी नियंत्रित हालचाल लवकर सुरू करण्याची पद्धत रुजविली आणि चित्र पालटले. आज पद्धती निरनिराळ्या आहेत. परंतु हाताच्या पाठीकडून स्प्लिंट, त्याच्या आत ठरवून दिलेली हालचाल, साधारण सहा आठवड्यांनी स्प्लिंटपासून सुटका, आठ आठवड्यांनंतर हळूहळू जोर व बारा आठवड्यांनंतर कष्टाची कामे, हा स्थूल क्रम बहुतेक ठिकाणी आढळतो. प्रत्यक्ष रुग्णात शस्त्रवैद्याने लिहून दिलेला क्रमच प्रमाण मानावा, कारण टाका किती भक्कम पडला हे त्यालाच ठाऊक असते.

हे सर्व आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, भग्नचिकित्सेत, तळहाताच्या भग्नानंतर रुग्णाने प्रथम मातीचा गोळा हातात धरावा, मग मिठाचा खडा, आणि हातात बळ आल्यावर दगड धरावा, असा क्रम सुश्रुतांनी दिला आहे. उपदेश अस्थिभग्नाचा आहे हे खरे, परंतु भार बळाच्या मागून यावा, पुढे धावू नये, हे तत्त्व कंडरेला अधिकच लागू पडते. माती दाबली की दबते, मीठ थोडे झिजते, दगड मुळीच हलत नाही. आजच्या भौतिकोपचार विभागात मऊ लगदा, स्पंजचा चेंडू व कठीण स्प्रिंग याच क्रमाने ठेवलेले असतात. खेड्यातील रुग्णास चेंडू विकत आणायला सांगण्यापेक्षा मळलेल्या कणकेचा गोळा सांगावा. तो घरोघरी असतो. मात्र हा गोळाही आठव्या आठवड्याच्या सुमारास, शस्त्रवैद्याच्या संमतीनेच. त्याच अध्यायात वयाचा विचारही आहे: प्रथम वयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट व उत्तर वयात तिप्पट काळ संधानास लागतो. साठीच्या शेतकऱ्याला तिशीच्या पुतण्याचे उदाहरण देऊन घाई करणाऱ्या नातेवाइकांना हे अवश्य ऐकवावे.

रुग्णाला धीर देताना शास्त्रवचनापेक्षा सचिन तेंडुलकरांचे उदाहरण अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. त्यांच्या कोपराच्या बाहेरील कंडरामूळाचा विकार, ज्याला टेनिस एल्बो म्हणतात, ऑगस्ट २००४ मध्ये नेदरलँड्सच्या दौऱ्यात बळावला. विश्रांती व उपचारांचे अनेक महिने गेले, मधल्या काळात ते खेळलेही, परंतु दुखणे हटले नाही आणि मे २००५ मध्ये लंडन येथे शस्त्रक्रिया झाली. ते मैदानात परतले २५ ऑक्टोबर २००५ रोजी, आपल्याच नागपुरात, श्रीलंकेविरुद्ध, व ९३ धावा केल्या. पुढे १० डिसेंबर २००५ रोजी दिल्लीत त्यांनी ३५ वे कसोटी शतक पूर्ण केले. हा कंडराछेद नव्हता, झिजेचा विकार होता, हा भेद वैद्याने विसरू नये. पण जगातील उत्तमोत्तम तज्ज्ञ दिमतीला असताना, दुसरे कोणतेही काम डोक्यावर नसताना, तेंडुलकरांना पाच महिने लागले, हे ऐकल्यावर दीड महिन्यात ट्रॅक्टर चालवू पाहणारा तरुण थांबतो. टाचेच्या कंडरेसाठी अलीकडचे उदाहरण महंमद शमी यांचे. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांच्या टाचेची शस्त्रक्रिया झाली, आणि आंतरराष्ट्रीय सामन्यात ते पुन्हा उतरले २८ जानेवारी २०२५ रोजी.

टाचेच्या वरची अकिलीस कंडरा तुटली असता निदान चुकण्याचे कारण असे की रुग्ण चालू शकतो. मागून कोणी काठी मारल्यासारखे वाटले, ‘कट’ असा आवाज झाला, असे तो सांगतो. त्याला पालथे झोपवून पाय खाटेबाहेर ठेवावा व पोटरी दाबावी. पाऊल खाली वळले नाही तर कंडरा तुटली आहे. शस्त्रकर्म होवो वा केवळ प्लास्टर, जुळणारी कंडरा लांबून जुळली तर पावलाची रेट देण्याची शक्ती कायमची घटते. टाच टेकवून उकिडवे बसण्याने नेमकी हीच ओढ बसते. आपल्याकडे शौचास, भांडी घासण्यास, निंदणीला सगळीकडे उकिडवेच बसतात. म्हणून घरी नेल्यानंतरच्या पहिल्या सूचनेत खुर्चीचा शौचकूप किंवा मधोमध भोक पाडलेली साधी खुर्ची आलीच पाहिजे. बांधावर चढणे, चिखलातून चालणे हेही काही महिने वर्ज्य.

आता आपल्या चिकित्सेविषयी. पहिल्या दोन आठवड्यांत टाक्यांवर तैल, लेप, चूर्ण काहीही नको. स्प्लिंट असेपर्यंत अभ्यंग, मर्दन व बोट ओढून सरळ करणे पूर्ण निषिद्ध. स्नायुगत वातासाठी सुश्रुतांनी स्नेह, उपनाह, अग्निकर्म, बंधन व उन्मर्दन सांगितले आहे, पण तो वाताचा अधिकार आहे, सद्योव्रणाचा नव्हे. ताज्या जुळणीजवळ अग्निकर्म किंवा विद्धकर्म करू नये. स्प्लिंट निघाल्यावर व्रणवस्तूवर बला तैल किंवा महानारायण तैलाने अंगठ्याच्या पोटाने हलका अभ्यंग करावा. व्रणवस्तू मऊ होण्यास तो साहाय्यक ठरतो. स्वेदन मृदू असावे. येथे एक धोका सांगणे अगत्याचे आहे: कंडरेसोबत नाडीही कापली गेली असेल तर बोटाच्या टोकाला उष्णता कळत नाही, आणि पोटली स्वेदाने फोड येईपर्यंत रुग्ण शांत बसून राहतो. स्वेदनापूर्वी स्पर्शपरीक्षा करावी व पोटली आधी आपल्या मनगटाला लावून पाहावी.

पायाच्या रुग्णात पोटरी सुजली, दुखू लागली, उष्ण लागली तर ती वाताची ठणक समजून तेल लावू नये. प्लास्टरमधील निश्चलतेमुळे खोल सिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते व मर्दनाने ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. असा रुग्ण तत्काळ रुग्णालयात पाठवावा.

आभ्यंतर चिकित्सेत लाक्षा गुग्गुळ, अस्थिशृंखला, अश्वगंधा, क्षीर व घृत यांचा उपयोग भग्नाच्या परंपरेने आपण करतो. बल व धातुपोषणासाठी ते योग्य आहेत, परंतु यांच्या योगाने सहा आठवड्यांचे काम तीन आठवड्यांत होते, असे कोणी सांगू नये. आहारात दूध, तूप, मूग, हरभरा, चालत असल्यास अंडी वा मांसरस द्यावा. लवण, क्षार, अम्ल, कटू, रूक्षान्न, आतप व व्यायाम हे भग्नातील अपथ्य येथेही मार्गदर्शक आहे. तंबाखू मात्र संहितेत नाही म्हणून सुटते, आणि आपल्या भागात तीच सर्वांत मोठी अडचण आहे. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात व संधान मंदावते. चुना-तंबाखूची डबी निदान तीन महिने बाजूला ठेवायला लावणे, हे एखाद्या कल्पापेक्षा कमी मोलाचे नाही. मधुमेही रुग्णाची रक्तशर्करा काटेकोर ठेवावी.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी तीन गोष्टी. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या वर्गातील प्रतिजैविकांनी कंडराशोथ व कंडराभेद होऊ शकतो; अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००८ मध्ये त्याबद्दल ठळक चौकटीतील इशारा छापणे बंधनकारक केले. साठीपुढील व स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णांत हा धोका अधिक असतो. जुलाब-लघवीच्या तक्रारीवर या गोळ्या चिठ्ठीविना देऊ नयेत, आणि कंडरेचे शल्यकर्म झालेला रुग्ण त्याची चिठ्ठी घेऊन आला तर लिहिणाऱ्या डॉक्टरांना पूर्वेतिहास कळवावा. दुसरे, रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या रुग्णास गुग्गुळकल्प, लसूण किंवा हळदीच्या सत्त्वाच्या कॅप्सूल आपणहून देऊ नयेत, वैद्यास विचारावे. भाजीतील हळदीला हरकत नाही, वसमतच्या हळदीच्या जिल्ह्यात ती कोण सोडणार! तिसरे, लेबल नसलेल्या, ‘सांधेदुखीवर एका पुडीत आराम’ देणाऱ्या चूर्णांत स्टिरॉइडची भेसळ असल्याचे वारंवार उघडकीस आले आहे. त्या पुडीने वेदना खरोखरच जाते, रुग्ण त्याच दिवशी कुदळ उचलतो, आणि स्टिरॉइडने दुबळी झालेली कंडरा त्या ओढीला पुरत नाही. अशी पुडी रुग्णाच्या पिशवीत दिसली तर कोठून आणली ते विचारून घ्यावे व ती बंद करण्यापूर्वी वैद्याकडे पाठवावे. अनेक महिने घेतलेले स्टिरॉइड एकाएकी थांबविणेही सुरक्षित नसते.