पवनींतील एक उन्हाळा

भंडारा जिल्ह्यांतील पवनी हें गांव नागपूरकरांस आतां विशेष ठाऊक आहे तें वाघांमुळें. अभयारण्याकडे जाणाऱ्या मोटारी गांवाला ओझरता स्पर्श करून पुढें निघून जातात. मीहि तसाच गेलों असतों. परंतु नोकरीच्या कामानें चैत्रापासून मृगापर्यंत मला तेथें बिऱ्हाड करावें लागलें. विदर्भांतला उन्हाळा आणि अनोळखी गांव. जातांना मन प्रसन्न नव्हतें, हें कबूल करतों. पण सकाळ-संध्याकाळच्या फेरफटक्यांत कांहीं जागा जवळच्या झाल्या.

पहिली जागा गांवाचा कोट. पवनीच्या एका अंगास वैनगंगा असून उरलेल्या बाजूंस मातीचा थोर तट व त्याबाहेर खंदक आहे. खंदक खणतांना निघालेली माती आंतल्या बाजूस रचली म्हणजे एकाच श्रमांत दोन अडथळे सिद्ध होतात. दगडी बांधकाम त्यावर पुढच्या काळांत चढलें. सूर्योदयापूर्वीं तेथें उभें राहिलें म्हणजे गार वाऱ्याची झुळूक अंगावर येई. दिवसभरांत तेवढीच काय ती मिळावयाची.

कोष्ट्यांच्या आळींतूनहि मी हिंडलों. पवनीचें तलम सुती कापड एके काळीं नांवाजलेलें होतें. त्या वैभवाच्या आतां बहुधा गोष्टीच ऐकावयास मिळतात.

खरा जीव रमला तो जगन्नाथ टेकडीवर. नांवावरून कोणासहि हें केवळ देवस्थान वाटेल. मलाहि तसेंच वाटलें होतें. परंतु १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व खातें यांनीं डॉ. शां. भा. देव आणि श्री. ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखालीं येथें उत्खनन केलें, तेव्हां टेकडीच्या पोटांत एक विस्तीर्ण बौद्ध स्तूप सांपडला. स्तूप म्हणजे पूज्य अवशेषांवर रचलेला भरीव घुमट. त्याभोंवतीं प्रदक्षिणेची वाट आणि वाटेला दगडी कठडा. ह्या कठड्याच्या खांबांवर ब्राह्मी लिपींत दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. कोणा एका राजाच्या खजिन्यांतून नव्हे, तर अनेकांच्या दानांतून तो उभा राहिला. एका शिल्पावर मुचरिंद नागाचें नांव आहे. सात दिवसांच्या वादळी पावसांत बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद तो हाच. वैशाखांतल्या उन्हांत पावसाची ही कथा आठवतांना मला मोठी गंमत वाटे! पवनीस मिळालेला महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा स्मृतिस्तंभ मात्र नागपूरच्या संग्रहालयांत पाहावा लागतो. वस्तु तेथें सुरक्षित राहते हें खरें. पण गांवांतल्या पोरांस आपल्या गांवची थोरवी पाहावयास नागपूर गांठावें लागतें, ही गोष्ट मला अजूनहि रुचलेली नाहीं.

संध्याकाळ वैनगंगेच्या घाटावर जाई. पायऱ्यांवर बसून पाय पाण्यांत सोडले म्हणजे दिवसाचा ताप उतरे. ही माझी सर्वांत आवडती जागा. माझ्या घरमालकीणबाई, त्यांना मी आजी म्हणत असें, देवदर्शनास नेमानें जात. पण घाटावर मात्र येत नसत. एकदां आग्रह केला तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, “बाबू, तुम्ही जा. मले ते पानी पायवत नाही.”

कारण मागाहून कळलें. पवनीच्या वरच्या अंगास, थोड्याच अंतरावर, वैनगंगेवर गोसेखुर्दचें धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजीं पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें त्याचा पायाभरणी समारंभ झाला. कालव्यांनीं शेतें भिजावीं म्हणून नदी अडविली, आणि मागें साठलेल्या पाण्यानें अनेक गांवें उठविलीं. त्यांत आजींचें माहेर होतें. पूर्वीं उन्हाळ्यांत नदीचें पात्र आटलें म्हणजे ढिवर लोक वाळूंत डांगरवाड्या लावीत. माहेराहून परततांना आजी पदरांत डांगरें बांधून आणीत. धानाला पाणी हवें, हें त्यांना कोणी शिकवावयास नको होतें. त्यांच्याच भावाच्या मुलांची शेती आतां कालव्यावर आहे.

त्या दिवसानंतरहि मी घाटावर गेलों. जागेची आवड कमी झाली नाहीं; मात्र घरीं परतल्यावर “आज पाणी किती सुंदर होतें” असें म्हणण्याचें मीं सोडलें. मृगाचा पहिला पाऊस आला त्याच आठवड्यांत माझें काम संपलें. निघतांना आजींनीं गाडींत एक डांगर ठेवलें. बाजारांतलें होतें, हें त्यांनीं आपण होऊन सांगितलें.