आई कशी एवढी हळू चालते

आष्टी तालुक्यात २०२३ची हांगझोऊची आशियाई स्पर्धा म्हणजे मांडव्याचा अविनाश साबळे आणि त्याचं स्टीपलचेसचं सुवर्ण. त्याच स्पर्धेत घोडेस्वारीतलं सुवर्ण भारतानं ४१ वर्षांनी मिळवलं, संघात मुंबईचा हृदय छेडा होता, असं पारावर सांगितलं की विचारतात, “शर्यतीत का?” शर्यत नाही, ड्रेसेज. ठरलेल्या जागी ठरलेली चाल, आणि सगळं तोंडपाठ.

घोडा मी पुण्यात शिकलो, पण पाठांतर गावी केलं. दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, खळं मोकळं. कबड्डीची उरलेली फक्की घेतली आणि २० बाय ४० मीटरचं रिंगण १० बाय २० पावलांत आखलं. कडेला आठ अक्षरं: ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. या क्रमाला काही ताळतंत्र नाही. इंग्रजीत त्यासाठी राजा एडवर्डच्या घोड्यांचं वाक्य आहे. मी माझं जुळवलं: ‘आई कशी एवढी हळू चालते, मी बघतो फक्त.’ आई ओट्यावरून ऐकत होती. म्हणाली, “बघतो कशाला, घागर धर की!”

मधला एक्स कुठंच लिहिलेला नसतो, तो ई आणि बीच्या मधोमध मनात धरायचा. ए मधून आत, एक्सवर थांबून सलाम, मग दुडकी. ई पासूनचं २० मीटरचं वर्तुळ थेट समोर बीला टेकलं पाहिजे. धुळीत उमटलेली माझी पावलं पाहिली, तर भाकरीऐवजी वांगं झालेलं. शब्द आठवेपर्यंत घोडा पुढं गेलेला असतो. पायांनाच वळण माहीत हवं.

चुलत्यांची घोडी वरातीतली. हलगी कडाडली की आपोआप नाचते. ते म्हणाले, “घोड्यालाच पाठ करून दे ना!” नेमकं तेच करायचं नसतं. सगळा क्रम पाच-सहा वेळा घोड्यावर केला, की तो सांगायच्या आधीच एक्सवर थांबतो, आणि सीपाशी बसलेल्या पंचांना ते लगेच दिसतं. म्हणून घोड्यावर तुकडे, तेही उलटसुलट. अख्खा क्रम फक्त आपल्या पायांनी.

स्पर्धेच्या दिवशी सलाम नीट झाला. सीला डावीकडं, एचकडं वळायचं होतं. डोक्यात वाक्य चालू: ‘चालते, मी…’ आणि मी एमकडं वळलो. घंटा वाजली, गुण कापले गेले.