दळणवळणाच्या वाटा (लेखांक सातवा) : फराळाचा डबा आणि करोडगिरी

मागील लेखांकात पुडक्याचे वजन दोन प्रकारांनी कसे धरले जाते, आणि काट्यावर साडेतीन किलो भरणारा चिवड्याचा डबा, लांबी, रुंदी व उंची यांच्या सेंटिमीटरांतील गुणाकाराला ५,००० ने भागल्यावर सहा किलोंचा कसा होऊन बसतो, याचा हिशेब आपण पाहिला. त्या हिशेबाविषयी तक्रार कितीही असो, तो निदान पाठवणाऱ्याच्या डोळ्यांदेखत होतो. आज ज्या रकमेविषयी लिहावयाचे आहे ती मात्र समुद्रापलीकडे, बहुधा सण उलटून गेल्यावर, आणि पाठवणाऱ्याकडून नव्हे तर ज्याच्या मुखी घास पडावा म्हणून एवढा खटाटोप केला त्याच्याकडूनच वसूल होते. म्हणून तिचा बोभाटाही रकमेच्या मानाने पुष्कळ अधिक होतो.

येथील सिमेंट कारखान्यातून निवृत्त होऊन गडचांदुरातच घर बांधून राहिलेल्या माझ्या एका शेजाऱ्यांची कन्या न्यू जर्सीत असते. सन २०२५ च्या दिवाळीपूर्वी, म्हणजे ऑक्टोबराच्या दुसऱ्या आठवड्यात, तिच्या आईने अनारसे, करंज्या, चकल्या आणि चिवडा असा सरंजाम बांधून टपाल कचेरी गाठली, तेव्हा अमेरिकेचे टपाल बंद आहे असे उत्तर मिळाले. ते खरेच होते. ८०० डॉलरपर्यंतच्या आयात मालाला अमेरिकेत २०१६ पासून जी जकातमाफी होती, ती तेथील राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांपुरती रद्द झाली. जकात कोणी, कशी गोळा करावयाची याची व्यवस्था सिद्ध नसल्याने विमानकंपन्यांनी टपालाच्या थैल्या उचलण्यास नकार दिला. आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून बहुतेक टपाल थांबविले, आणि पत्रे, कागदपत्रे व १०० डॉलरपर्यंतच्या भेटी एवढा जो अपवाद ठेवला होता तोही महिनाअखेर मागे घेतला. १५ ऑक्टोबरला टपाल पुन्हा सुरू झाले, परंतु लक्ष्मीपूजन २१ तारखेला होते, आणि सहा दिवसांत येथून न्यू जर्सी गाठणे टपालाच्या ताकदीबाहेरचे होय.

तेव्हा डबा चंद्रपुरास गेला आणि तेथील एका कुरियर दलालाच्या हवाली झाला. भाडे चुकते केले, पावती घेतली, डबा भाऊबिजेच्या आत पोहोचला, सारे यथास्थित झाले असे वाटत असतानाच मुलीच्या नावे जकात आणि सेवाशुल्क मिळून काही डॉलरांचे बिल आले. रक्कम मोठी नव्हती. परंतु मुलगी फोनवर सहज, हसतच, ‘आई, तुझे अनारसे मी विकत घेतले गं’ असे बोलून गेली आणि त्या माउलीने दोन दिवस कोणाशी धड भाषण केले नाही.

या प्रसंगी मला आठवण झाली ती याच भूमीच्या एका विस्मृत व्यवस्थेची. आज ज्या राजुरा, कोरपना आणि जिवती तालुक्यांना आपण चंद्रपूर जिल्ह्याचे निर्विवाद अंग मानतो (जिवतीच्या पहाडावरील ज्या चौदा गावांवर महाराष्ट्र व तेलंगण दोघेही हक्क सांगतात, त्यांच्याकडे तूर्त काणाडोळा करू), तो सारा मुलूख हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा तालुका मुंबई राज्यात येऊन प्रथम नांदेडला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्याला जोडला गेला. म्हणजे वर्धा नदी ही तेव्हा नुसती नदी नव्हती. अलीकडे निजामाचा हाली सिक्का आणि पलीकडे इंग्रजांचा कलदार, सात हाली रुपयांना सहा कलदार असा भाव, आणि सरहद्द ओलांडणाऱ्या मालावर संस्थानच्या करोडगिरी खात्याची जकात. १८०२ साली कंपनी सरकार आणि निजाम यांच्यात झालेल्या व्यापारी तहाने या जकातीची मर्यादा किमतीवर शेकडा ५ अशी बांधून दिली होती. नाक्यावरील कारकुनाचा जाच, त्याची अरेरावी आणि त्याची चिरीमिरी यांचे गुणगान करण्याचा माझा मुळीच मानस नाही; पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे, की तो नाका दिसत असे. बैलगाडी थांबे, गाठोडे सुटे, रक्कम ठरे, घासाघीस होई, आणि जो माल नेत असे तोच पैसे मोजत असे. आजच्या कुरियरच्या जकातीत दर नवा नाही, हक्क नवा नाही. नवा आहे तो नाक्याचा अदृश्यपणा, आणि पाठवणारा व भरणारा यांची झालेली फारकत.

आता ते बिल उलगडून पाहू. त्यात एक रक्कम नसते, निदान तीन असतात. आणि त्याही एकमेकींच्या खांद्यावर उभ्या असतात. अमेरिकेचे उदाहरण तूर्त बाजूस ठेवून परदेशातून आपल्याकडे येणाऱ्या पुडक्याचाच हिशेब मांडतो, कारण त्यात ही रचना अधिक स्पष्ट दिसते. समजा, परदेशातील पुतण्याने ४,००० रुपयांची एक वस्तू विमानमार्गे पाठविली आणि तिला २,००० रुपये भाडे पडले. आपल्या १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याखालील मूल्यनिर्धारणाचे नियम नुसती वस्तूची किंमत धरीत नाहीत, भाडे व विमाही तीत मिळवतात. मात्र विमानाचे भाडे वस्तूच्या किमतीच्या शेकडा २० हून अधिक धरावयाचे नाही, एवढी सवलत आहे. म्हणून भाडे ८०० धरले आणि किरकोळ विमा सोडून दिला, तर जकातीपुरती किंमत ४,८०० झाली. मूळ जकात शेकडा १० आहे असे समजू, ती ४८० रुपये. त्या जकातीवर शेकडा १० समाजकल्याण अधिभार, तो ४८. आणि या तिन्हींच्या बेरजेवर, म्हणजे ५,३२८ रुपयांवर, शेकडा १८ ने एकात्मिक वस्तू व सेवा कर, तो ९५९. एकूण १,४८७ रुपये. दर वस्तूगणिक निराळे असतात, तेव्हा हे आकडे केवळ नमुन्यादाखल. परंतु करावर कर कसा चढतो आणि दहा-अठराची भाषा ऐकून गेलेला मनुष्य सदतीस टक्क्यांपाशी कसा जागा होतो, हे यातून कळावे.

एवढे सरकारचे झाले. कुरियर कंपनी ही रक्कम आपल्या वतीने सरकारी खजिन्यात आधी रुजू करते, माल सोडवून घेते, आणि मग ती रक्कम अधिक आपली दस्तुरी, असे मिळून आपल्यापाशी मागते. ही दस्तुरी बहुधा ‘अमुक टक्के किंवा अमुक किमान रक्कम, यांपैकी जे अधिक’ अशा मखलाशीने लिहिलेली असते. आणि लहान पुडक्यांच्या बाबतीत हे ‘अधिक’ नेहमी किमान रकमेच्याच बाजूला झुकते, त्यामुळे कधी कधी जकातीहून दस्तुरीच मोठी भरते. खाजगी कंपन्यांनाच बोल लावण्याचे कारण नाही. इंग्लंडच्या रॉयल मेलनेही अशा हाताळणीबद्दल ८ पौंड घेण्याचा प्रघात ठेवला आहे. माल नाकारावा म्हटले तर तो परत जातो किंवा बेवारस ठरतो, आणि परतीचे भाडे पाठवणाऱ्याच्या माथी येण्याचा संभव राहतोच.

आता शेजाऱ्यांच्या डब्याकडे वळतो, कारण त्याची खरी मेख ‘भेट’ या एका शब्दात आहे. ८०० डॉलरची माफी गेली तरी अमेरिकेच्या कायद्यात, एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीस पाठविलेली १०० डॉलरपर्यंतची खरीखुरी भेट जकातमुक्तच होती. १०० डॉलर म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे ८,८०० रुपये. घरच्या फराळाची किंमत त्याच्या निम्मीही भरली नसती. मग जकात का पडली? कागद मागवून पाहिले तेव्हा आढळले, की पाठवणाऱ्याच्या रकान्यात आईचे नावच नव्हते. दलालाने अनेक घरांचे डबे एकत्र करून आपल्या पेढीच्या नावाने रवाना केले होते. आईने मुलीस पाठविलेली भेट कागदावर एका व्यापाऱ्याने एका गिऱ्हाइकास पाठविलेला माल ठरली, आणि हिंदुस्थानी मालावर त्या वेळी जी शेकडा ५० ची जकात होती ती तिला बिनतक्रार लागली. दलालाने हे लबाडीने केले असे मी म्हणत नाही. घाऊक पाठवणीत भाडे स्वस्त पडते, आणि स्वस्ताईची किंमत कोठेतरी चुकवावी लागतेच. मिठाईच्या दुकानातून परस्पर रवाना झालेला फराळही याच कारणाने भेट ठरविणे अवघड असते.

ब्रिटनमध्ये ही भेटीची मर्यादा ३९ पौंडांची आहे. आणि आपल्याकडे? परदेशाच्या कृपणतेवर टीका करणाऱ्यांनी हे जाणून ठेवावे, की आपल्या सरकारने डिसेंबर २०१९ पासून टपालाने वा कुरियरने येणाऱ्या भेटींची सवलत काढूनच टाकली. परदेशी विक्रेते गिऱ्हाइकांचा माल ‘भेट’ म्हणून पाठवून जकात चुकवीत होते, त्यावर हा उपाय. पूर्ण जकात भरून भेट आणता येते. बिनजकातीच्या अपवादात उरली ती जीवरक्षक औषधे आणि राखी. राखीसोबतची भेट मात्र नाही, असे अधिसूचनेत कंसात स्पष्ट लिहिले आहे. आणि राखीदेखील सुटते ती ज्या मालावरची जकात १०० रुपयांहून अधिक होत नाही ती वसूल करू नये, या जुन्या कलमाच्या आश्रयाने. सूत्र येऊ द्यावे आणि पेढा अडवावा, हा विवेक ज्या अधिकाऱ्यास सुचला त्याला बहीण असावी, आणि ती जवळपासच राहत असावी, असा माझा तर्क आहे.

आणखी एक विषमता लेखकाच्या जिव्हाळ्याची म्हणून नमूद करतो. अमेरिकेच्या त्या जकातीतून पुस्तके व नियतकालिके वगळलेली होती. म्हणजे त्याच दिवाळीत फराळाला जकात लागली असली तरी दिवाळी अंक निर्वेध जाऊ शकत होता. उलट परदेशी छापील ग्रंथांवर आपल्या सरकारने जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात शेकडा ५ जकात बसविली. पाच टक्के म्हणजे नेमका करोडगिरीचा दर!

टपाल खात्याने १५ ऑक्टोबरपासून जी पद्धत स्वीकारली तीत एक मार्मिक फेरफार आहे. जकातपात्र मालावरची जकात, म्हणजे त्या काळी लिहिलेल्या किमतीच्या शेकडा ५०, पाठवणाऱ्याकडूनच खिडकीवर घ्यावयाची आणि अमेरिकेच्या खजिन्याकडे पोहोचवावयाची. भाडे त्या किमतीत मिळवावयाचे नाही. व्यापारी यास ‘डीडीपी’ म्हणतात, म्हणजे जकात चुकती करून पोहोचविणे. यामुळे जकात रतीभरही कमी झाली नाही, परंतु तिचा अवचितपणा गेला. वर्धेच्या काठचा नाका जणू पुन्हा दिसू लागला, फक्त या खेपेस तो परराज्याचा असून आपल्याच टपाल कचेरीत उघडला गेला. माझ्या मते हाच प्रकार अधिक प्रामाणिक. जे द्यावयाचे ते देणाऱ्याला आधी कळावे, मग त्याने डबा बांधावा की नुसता फोन करावा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

अवचित जकातीच्या या सवयीचा फायदा भामट्यांनी उठविला आहे, म्हणून दोन शब्द. ‘तुमचे पार्सल सीमाशुल्कात अडकले आहे, ताबडतोब पैसे भरा’ असा फोन आला तर तो बेलाशक खोटा समजावा. सीमाशुल्क खाते कोणाच्या खाजगी खात्यात पैसे भरण्यास सांगत नाही, आणि नोव्हेंबर २०१९ पासून त्या खात्याच्या पत्रांवर जो ओळखक्रमांक असतो तो खात्याच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. कुरियर कंपनीची खरी मागणी असेल तर तिच्यासोबत मालाच्या घोषणापत्राचा दाखला आणि जकातीचा तपशील मागावा. खरी कंपनी तो देते.

संक्रांतीला त्या बाई पुन्हा टपाल कचेरीत गेल्या. मी सोबत होतो. या खेपेस पाठवणाऱ्याच्या रकान्यात त्यांचे स्वतःचे नाव पडले. खिडकीतील तरुणाने घोषणापत्र पुढे ओढून एकेक जिन्नस विचारण्यास आरंभ केला. ‘खाण्याचे पदार्थ’ एवढ्याने भागत नाही, प्रत्येकाचे नाव, वजन आणि किंमत निरनिराळी लागते, असे त्याने बजावले. तिळाचे लाडू, एक किलो. बाईंनी तीळ, गूळ आणि वेलदोडे यांची बेरीज करून तीनशे सांगितले. तो म्हणाला, ‘काकू, सामानाचे नाही, दुकानात घेतले तर काय पडतील ते सांगा.’ मग सहाशे लिहिले गेले, आणि आपल्या लाडवांना दुप्पट भाव आलेला पाहून त्यांना किंचित संतोष झाल्यासारखा मला वाटला. वाणाच्या दोन वाट्या, दीडशे. शेवटी तळाशी ठेवलेली हळद-कुंकवाची कागदी पुडी निघाली.

‘आता याचे काय लिहू जी?’ त्यांनी विचारले. ‘हे काय विकत मिळते?’

रकाना कोरा ठेवता येत नाही आणि शून्यही चालत नाही, असे त्याने सांगितले. थोडा विचार करून त्याने दहा रुपये लिहिले आणि शिक्का मारला.