मुक्काम पोस्ट कुकडनेर

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात सह्याद्रीच्या धारेवरून चार नद्या पूर्वेकडे निघतात. उत्तरेला पुष्पावती, मग कुकडी, तिच्याखाली मीना आणि दक्षिणेला घोड. त्यांच्या खोऱ्यांना मढनेर, कुकडनेर, मीननेर अशी जुनी नावं आहेत. दोन नेरांच्या मध्ये डोंगराची सोंड आडवी येते. त्यामुळे नाणेघाट आणि आहुपे नकाशावर शेजारी वाटले, तरी गाडीने जायचं तर जुन्नर-घोडेगावचा मोठा वळसा पडतो. तंबू घेऊन निघणाऱ्याने म्हणूनच आधी नेर निवडावं, मग महिना. जागेचा विचार त्यानंतर.

दोन रात्रींचा बेत असेल तर कुकडनेर पुरून उरतं. जुन्नरहून रस्ता चावंडच्या पायथ्याने घाटघरकडे जातो. वाटेत पूर गावाजवळ कुकडेश्वराचं प्राचीन मंदिर आहे. कुकडीचा उगम इथलाच. मध्ये पसरलेल्या माणिकडोह जलाशयाच्या एका अंगाला चावंड, दुसऱ्या अंगाला हडसर. घाटघरच्या डोक्यावर जीवधन आणि त्याला खेटून वानरलिंगीचा सुळका. पुढे रस्ता संपतो तिथे नाणेघाट. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांचा माल याच खिंडीतून जुन्नरला चढत असे. खिंडीतल्या लेण्याच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या दानांचे आकडे त्यात कोरलेले असल्याने भारतीय अंकांच्या इतिहासातही त्याला मोठा मान आहे. खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असत असं सांगतात. लेणं कितीही ऐसपैस वाटलं तरी मुक्काम तिथे करू नये आणि चूल तर मुळीच पेटवू नये. धुराने अक्षरं काळवंडतात.

घाटमाथ्यावर तंबू ठोकायला गेलं की पहिली अडचण खुंट्यांची. मातीचा थर बोटभर, खाली सलग कातळ. खुंटी वाकते, आत जात नाही. तेव्हा दोऱ्या मोठ्या दगडांना गुंडाळायच्या आणि त्यावर आणखी एक दगड ठेवायचा. तंबूचं तोंड कड्याकडे न ठेवता पूर्वेला ठेवावं, कारण कोकणातून वर येणारा वारा रात्री थेट आत घुसतो.

याहून सोयीची जागा म्हणजे भातकापणीनंतरची खाचरं. नोव्हेंबरअखेर ती मोकळी व्हायला लागतात, जमीन सपाट मिळते, बांधाचा आडोसा मिळतो. मात्र ती कुणाची तरी शेती असते. घरी जाऊन विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत, आणि जेवणाचंही तिथेच ठरवलं तर चार पैसे गावात राहतात. या पट्ट्यात महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. भात, नाचणी, वरई ही पिकं आणि हिरड्याची विक्री यांवर घरं चालतात. जानेवारीनंतर गवत वाळून कोळ झालेलं असतं. शेकोटीची एक ठिणगी वणवा लावते आणि त्यात हिरड्याची झाडंही होरपळतात. स्टोव्ह बरा.

जलाशयाचा काठ सगळ्यांनाच खुणावतो. तिथे मात्र हिशेब वेगळा. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. त्यांचं पाणी कालव्यांनी पार करमाळ्यापर्यंत जातं. आवर्तन सुटलं की काठ खाली सरकतो आणि मागे गाळ उघडा पडतो. वरून सुकलेला दिसणारा हा गाळ पाय ठेवताच खचतो. धरणाखालच्या नदीपात्रात तर तंबू नकोच, कारण विसर्ग सुरू झाला की पात्र भरायला वेळ लागत नाही. घोड नदीवरच्या डिंभे जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलं आहे. परदेशी कापडाचा ट्रक अडवताना 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत प्राण देणारे बाबू गेनू आंबेगाव तालुक्यातल्याच महाळुंगे पडवळचे. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते जुनं आंबेगाव मात्र या जलाशयाखाली गेलं.

डिंभ्याच्या वर आहुपे. इथली देवराई आणि कोकणात उतरणारा घाट पाहण्यासारखा आहे. भीमाशंकर अभयारण्य याच बाजूला आहे. ते 1985 साली जाहीर झालं आणि शेकरूसाठी ओळखलं जातं. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय तंबू लावता येत नाही.

पावसाळ्यात या भागात तंबूचा नाद सोडून पक्क्या घरात राहावं. 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि 151 माणसं गेली. तीव्र उतार, मुरलेलं पाणी आणि सुटलेली माती हे गणित इथल्या अनेक डोंगरांना लागू आहे. पावसाच्या दिवसांत जिल्हा प्रशासन काही ठिकाणी बंदी आदेशही काढतं, त्यांची चौकशी निघण्यापूर्वीच करावी.

पूर्वेकडे नारायणगाव-मंचरच्या बाजूला पाऊस कमी, पण धरणांमुळे ऊस भरपूर, आणि उसात बिबट्या. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते याचमुळे. उसाच्या कडेला मुक्काम करू नये, अंधारात एकट्याने बाहेर पडू नये, लहान मुलांना नजरेआड होऊ देऊ नये. उरलेलं अन्न बाहेर टाकलं की कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

कसे जाल : पुण्याहून नारायणगावमार्गे जुन्नर सुमारे 95 किलोमीटर, मुंबईकरांना कल्याण-मुरबाड-माळशेज हा रस्ता जवळचा. आहुपे आणि भीमाशंकरसाठी मंचरहून घोडेगावकडे वळावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, पण पहाटे थंडी कडाक्याची असते. खोऱ्यात आत शिरल्यावर मोबाइलची रेंज जाते-येते, म्हणून मुक्कामाचं ठिकाण घरी आधीच सांगून ठेवावं. पेट्रोल, रोख पैसे आणि औषधं जुन्नर किंवा घोडेगावातच घ्यावीत. परतताना वाटेतल्या खानावळीत मासवडी आणि बाजरीची भाकरी मिळते. मासवडीत मासा नसतो. बेसनाच्या वडीत तीळ-खोबऱ्याचं सारण असतं आणि सोबत झणझणीत रस्सा.