पेरणी, पोथी आणि वही

गटाच्या बैठकीत आम्ही विचारतो, "वाचता कुणाकुणाला येतं?" बरेच हात वर होतात. "मागच्या महिन्यात काय वाचलं?" म्हटलं की हात खाली येतात. शाळा सुटून पंधरा-वीस वर्षं झाली की अक्षर ओळखीचं राहतं, पण सवय मोडते. मग कर्जाच्या कागदावरसुद्धा "सही कुठं करू?" एवढंच विचारून आपण मोकळ्या होतो. व्याज किती, हप्ता चुकला तर दंड किती, जामीन कोण, हे सगळं त्याच कागदावर लिहिलेलं असतं.

रोज तासभर वाचा, असं आम्ही सांगणार नाही. आपलं वर्ष शेतीवर चालतं, तेव्हा वाचन-लिहिणंही त्यातच बसवायला हवं.

मृगाच्या पेरणीपासून खुरपणीपर्यंत पुस्तक फडताळात राहिलं तरी चालेल. या दिवसांत फक्त लिहायचं, तेही दोन ओळी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकटीत दुधाचा हिशेब लिहितोच ना आपण? तिथंच पेरणीची तारीख, बियाण्याच्या पिशवीची किंमत, किती बाया लावल्या, मजुरी किती दिली, हे टिपायचं. पिशवी, तिची चिठ्ठी आणि दुकानाची पावती जपून ठेवायची. बी उगवलं नाही तर तक्रारीला हेच लागतं. आणि दिवाळीच्या आधी सोयाबीन विकल्यावर हातात नेमकं काय उरलं, ते त्या चौकटी सांगतात. घरातले पुरुष अंदाजानं सांगतात, तुमच्याकडे आकडा असतो.

श्रावणात पोथी लागते. एकजण वाचते, बाकीच्या ऐकतात. आम्हाला वाटतं, वाचनाची ही रीत आपल्यासाठी सगळ्यात सोयीची. जिला वाचता येत नाही तिलाही पुस्तक मिळतं, आणि वाचणारीची जीभ सुटते. पोथी संपली की तिथंच दहा मिनिटं दुसरं पुस्तक वाचायचं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घ्या. त्या लग्नानंतर लिहा-वाचायला शिकल्या, आणि पुस्तक असं लिहिलं की शेजारीण ओट्यावर बसून बोलतेय असं वाटावं. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' तर जरूर वाचा. दुकान सांभाळता सांभाळता, घरच्यांपासून लपवून त्यांनी ते लिहिलं होतं. (अक्षर बारीक दिसत असेल तर आधी चाळिशी लावा. चष्म्याची लाज कसली?)

दिवाळी अंकांची प्रथा १९०९ साली 'मनोरंजन' मासिकानं सुरू केली. अंक आता महाग झालेत. गटात मिळून दोन घ्यायचे आणि फिरवायचे. कापूस वेचणीत पान उलटायला उसंत मिळत नाही, म्हणून तोच अंक संक्रांतीपर्यंत पुरवायचा. संक्रांतीच्या वाणात प्लास्टिकच्या वाट्या घरोघरी साठल्यात. त्याऐवजी एखादं पातळसं पुस्तक द्या.

मार्च म्हणजे गटाचा हिशेब. इथं आम्ही जरा कडक बोलतो. बऱ्याच गटांत वही एकटी सचिवताई लिहिते. ती बाळंतपणाला माहेरी गेली की पानं कोरी, आणि पुढं बँकेत कर्ज मागताना त्याच कोऱ्या पानांवर बोट ठेवलं जातं. इतिवृत्त पाळीपाळीनं लिहा. अक्षर वाकडं आलं तरी चालेल. तारीख, हजर कोण, बचत किती, कर्ज कुणाला आणि कशासाठी, एवढं आलं पाहिजे. लिहून झालं की सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा, मगच सह्या करा.

उन्हाळ्यात पापड-कुरडया आणि लग्नाची घाई असतेच. पण मुलींना सुट्टी असते आणि जुन्या बाया ओट्यावर निवांत सापडतात. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. मुलानं, सोपानदेवांनी गाणी टिपून ठेवली म्हणून त्या गेल्यावर १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. तुमच्या गावातही जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या आजी असतील. मुलीच्या शाळेच्या वहीतली उरलेली कोरी पानं शिवून घ्या आणि तिला आजीजवळ बसवा. ओवी आजीच्या तोंडी जशी आहे तशीच लिहा, शुद्ध करायला जाऊ नका. खाली आजीचं नाव, तिचं माहेर, आणि ती ओवी तिला कुणी शिकवली, तेवढं टाका.