वीज परत आल्यानंतर : संगणकातील सेवांची देखरेख

संगणकाच्या पडद्यावर जे दिसते त्याखेरीज पुष्कळसे काम दृष्टीआड चाललेले असते. छपाईची रांग सांभाळणे, रात्री नोंदींची प्रत काढून ठेवणे, इतर यंत्रांच्या मागण्या पुरविणे ही कामे करणाऱ्या आज्ञावलींना 'सेवा' म्हणतात. त्यांच्यावर देखरेख करणारा व्यवस्थापक प्रत्येक कार्यप्रणालीत निराळा असतो.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एका कार्यालयात रात्रीची प्रत काढणारी सेवा महिनोन्महिने सुरळीत चालू होती. एके दिवशी वीज गेली व आली. यंत्र सुरू झाले, सेवा मात्र झाली नाही. ही गोष्ट ध्यानात आली ती जुनी नोंद हवी झाली तेव्हा. सेवा आता सुरू करणे आणि यंत्राबरोबर ती आपोआप सुरू व्हावी अशी नोंद करणे, या दोन स्वतंत्र आज्ञा आहेत. लिनक्सवर २०१० साली अवतरलेल्या व आज बहुतेक प्रमुख वितरणांत रूढ असलेल्या 'सिस्टिमडी'त पहिलीस 'स्टार्ट' व दुसरीस 'एनेबल' म्हणतात. त्या कार्यालयात केवळ पहिलीच दिली गेली होती.

दुसरा प्रश्न, सेवा मध्येच कोसळल्यास काय? लिनक्सवरील जुन्या पद्धतीत आरंभलेखन सेवा सुरू करून देई व तिला विसरून जाई. सिस्टिमडी तिच्यावर नजर ठेवते. परंतु 'रीस्टार्ट' या शब्दापुढे स्पष्ट लिहिल्याखेरीज तिला पुन्हा उठवीत नाही. लिहिले तरी एक मेख उरतेच. दोन प्रयत्नांतील विश्रांती मुळात सेकंदाच्या दहाव्या भागाइतकीच असते, आणि दहा सेकंदांत पाच वेळा सुरू होऊनही सेवा टिकली नाही, तर व्यवस्थापक तिचा नाद सोडतो. वीज आल्यावर माहितीसाठ्याचे यंत्र जागे होण्यास मिनिटभर लागले, तर त्यावर अवलंबून असलेली सेवा तत्पूर्वीच पाचही संधी गमावून बसते. विश्रांती पाच सेकंदांवर नेली की ही मर्यादा आड येत नाही.

ॲपलने २००५ साली आणलेला 'लाँचडी' याबाबतीत अधिक चिकाटीचा आहे. 'कीप-अलाइव्ह' असे सांगितलेली सेवा तो साधारणतः दहा दहा सेकंदांच्या अंतराने उठवीतच राहतो. मात्र सेवेचे वर्णनपत्र 'लाँच-डेमन्स'ऐवजी 'लाँच-एजंट्स' या कप्प्यात ठेवले, तर कोणी लॉग-इन करेपर्यंत ती सुरूच होत नाही. सुटीच्या दिवशी वीज गेल्यास याचा अर्थ काय होतो, हे निराळे सांगावयास नको.

विंडोजमधील व्यवस्थापक १९९३ च्या एनटीपासूनचा. तेथे 'ऑटोमॅटिक' ही निवड आरंभापुरती असते. कोसळल्यानंतरची कृती 'रिकव्हरी' या पानावर वेगळी नेमावी लागते, अन्यथा काहीच घडत नाही. शिवाय, सेवेने स्वतःच त्रुटी कळवून काम थांबविले, तर त्यासाठी असलेली खूण केल्याखेरीज ही कृती होत नाही. नवख्यांची फसगत होते ती बहुधा येथेच.

तेव्हा कोणतीही प्रणाली असो, नवी सेवा बसविल्यावर भर दुपारी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे, लॉग-इन न करता दुसऱ्या यंत्रावरून सेवा उत्तर देते काय ते पाहावे, आणि मग तिची प्रक्रिया बळाने संपवून मिनिटभर वाट पाहावी.